विश्लेषण: पायी चालणारे, सायकलवाले आणि कुत्रा फिरवणारे... डहाणू-बोर्डीच्या रस्त्यावर आधी वाट कुणाची?

डहाणूहून बोर्डीकडे निघालं की एका बाजूला सुरूची बनं आणि त्यामागे समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. नरपड, चिखले, घोलवड अशी गावं ओलांडत जाणारा हा सुमारे १७ किलोमीटरचा रस्ता. बोर्डीच्या पुढे झाई लागतं, तिथे तलासरी तालुका येतो आणि त्यापुढे गुजरातची हद्द. रस्ता सपाट, सावली भरपूर. सायकलवाल्यांच्या रील्समध्ये तो सुंदर दिसतो, यात नवल नाही.

पण सकाळी सहा वाजता त्याच रस्त्यावर आणखी बरेच लोक असतात. वाडीत कामाला निघालेले मजूर, डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई, शाळेला जाणारी सायकलवरची मुलगी, 'मॉर्निंग वॉक'ला निघालेले निवृत्त गृहस्थ, शनिवार-रविवारी मुंबईहून किंवा गुजरातमधून आलेले पाहुणे आणि त्यांच्यासोबतचा लॅब्राडोर. शिवाय गावातली कुत्री असतातच. रस्त्याच्या बहुतांश भागात वेगळा पदपथ नाही आणि सायकलसाठी वेगळी पट्टीही नाही. डांबराची कड सगळ्यांची एकच.

मग कुणी जोरात घंटी वाजवतं, कुणी दचकतं, कुत्रा दोरी ताणून पुढे झेप घेतो आणि वादाला तोंड फुटतं. "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?" हा प्रश्न तिन्ही बाजूंनी विचारला जातो.

त्याचं खरं उत्तर काय? कायदा काय सांगतो? आणि कायदा जिथे गप्प आहे तिथे कुणी कुणासाठी थांबायचं? समजून घेऊया.

हा विषय आत्ताच का?

कारण देशात या प्रश्नावर नियम करायची वेळ आली आहे. कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये रस्ता सुरक्षेबद्दल सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं की, चालण्यायोग्य पदपथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ (१अ) आलं. इंजिन नसलेली वाहनं, म्हणजे सायकल, हातगाडी वगैरे, आणि पादचारी यांनी सार्वजनिक जागा आणि राष्ट्रीय महामार्ग कसे वापरायचे याचे नियम करण्याचा अधिकार हे कलम राज्यांना देतं. ज्या राज्यांनी हे नियम केलेले नाहीत त्यांनी ते सहा महिन्यांत करावेत, असं न्यायालयाने सांगितलं.

याच आदेशात ५० शहरांमधल्या पदपथांची तपासणी करायलाही सांगितलं आहे. पण ही सगळी मोठी शहरं. डहाणू आणि तलासरी या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि चर्चेची खरी गरज नेमकी इथेच आहे. शहरात निदान पदपथ नावाची गोष्ट असते, त्यावर अतिक्रमण होतं म्हणून ओरड तरी होते. जिथे पदपथच नाही, तिथे तपासणार काय?

कायदा काय सांगतो?

बऱ्याच जणांना वाटतं की सायकलला आणि कुत्र्याला कायदा लागूच होत नाही. तसं नाही.

पदपथ: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार पदपथावर वाहन किंवा जनावर चालवायला, तसंच ते तिथे सोडून ठेवायला मनाई आहे. अपवाद आहे तो लहान मुलांच्या बाबागाडीचा. म्हणजे डहाणू शहरात जिथे पदपथ आहे, तिथे सायकल चालवत नेणं नियमात बसत नाही. उतरून हातात धरून न्यावी.

सायकल: भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याला शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कलमात 'मोटार' असा शब्द नाही, 'वाहन' असा आहे. सायकलही त्यात येते.

कुत्रा: संहितेचं कलम २९१ पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला लागू होतं. प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला किंवा शरीराला धोका होऊ शकतो हे दिसत असताना मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हिंस्र कुत्रा मुसकं न बांधता रस्त्यावर मोकळा सोडण्याला पोलीस अधिनियमातही मनाई आहे.

पण हे सगळे कायदे काहीतरी बिघडल्यानंतर कामाला येतात. समोरासमोर आल्यावर कोण आधी थांबेल, घंटी किती आधी वाजवायची, दोरी किती लांब ठेवायची, हे त्यांत लिहिलेलं नाही. ती जागा शिष्टाचाराची.

वाद नेमका कशामुळे होतो?

बहुतेक वेळा कुणाच्या उर्मटपणामुळे नाही, तर वेगाच्या आणि अंतराच्या चुकलेल्या अंदाजामुळे होतो. साधा हिशेब पाहा.

माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर वेगाने चालतो. गावातली साधी सायकल ताशी १० ते १२ आणि गिअरची सायकल सपाट रस्त्यावर आरामात २० ते ३० किलोमीटर वेगाने धावते. अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले धरले, तर सायकल पूर्ण थांबायला ताशी १० च्या वेगाला साधारण साडेतीन मीटर लागतात. ताशी २० ला नऊच्या आसपास. ताशी ३० ला पंधरा मीटर. म्हणजे वेग तिप्पट झाला तर थांबायचं अंतर चौपटीहून जास्त होतं. पावसात किंवा किनाऱ्यावरची वाळू डांबरावर आली असेल तर आणखी वाढतं.

आता कुत्र्याची दोरी घ्या. दीड मीटरची दोरी असेल तर कुत्रा मालकाजवळच राहतो. पण आपोआप सुटत जाणारी पाच मीटरची दोरी असेल, मालक एका कडेला आणि कुत्रा दुसऱ्या कडेला असेल, तर रस्त्यावर आडवी तार बांधल्यासारखंच होतं. पहाटेच्या अंधुक उजेडात ही दोरी सायकलवाल्याला दिसतच नाही.

तिसरी गोष्ट बाजूची. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. त्यामुळे पदपथ नसेल तिथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने चालावं, असा सल्ला रस्ता सुरक्षेत दिला जातो. कारण त्या कडेने येणारं वाहन समोरून येतं आणि दिसतं. पण सायकलवाला चुकीच्या बाजूने आला की हे सगळं गणित उलटतं. तो पादचाऱ्याच्या पाठीमागून, आवाज न करता येतो. 'सायकलच तर आहे, उलटी घेतली तर काय बिघडलं?' या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

चौथी गोष्ट घंटीची. अगदी पाठीमागे येऊन वाजवलेली घंटी सूचना देत नाही, दचकवते. दचकलेला माणूस कुठल्या बाजूला उडी मारेल हे त्यालाही माहीत नसतं. सायकल क्लबमधले लोक 'ऑन युअर लेफ्ट' अशी हाक देतात. शहरातल्या गटात ती चालते. पण मराठी, वारली, मांगेली, गुजराती आणि हिंदी बोलल्या जाणाऱ्या या पट्ट्यात ही हाक अनेकांना कळत नाही. ज्याला फक्त 'लेफ्ट' ऐकू येतं तो नेमका डावीकडे सरकतो!

इतर देशांनी काय केलं?

ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या 'हायवे कोड'मध्ये रस्ता वापरणाऱ्यांची उतरंड आणली. तत्त्व सोपं आहे: ज्याच्यामुळे दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर जास्त जबाबदारी. ट्रकवर सगळ्यात जास्त, मग मोटार, मग दुचाकी, मग सायकल, शेवटी पादचारी. सायकल आणि पादचारी यांच्या सामायिक वाटेवर सायकलवाल्याने पादचाऱ्याचा मान ठेवायचा आणि कुत्रा आखूड दोरीवर ठेवायचा, हेही त्यात लिहिलं आहे.

जपानमध्ये सायकल मुळात रस्त्यावरच चालवायची असते. खुणा केलेल्या पदपथावर किंवा लहान मुलं, वृद्ध अशांना पदपथावर मुभा आहे, पण तिथे वेग अगदी कमी ठेवायचा आणि पादचाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचं. पादचाऱ्याला बाजूला करण्यासाठी घंटी वाजवणंही तिथे नियमाला धरून नाही. एप्रिल २०२६ पासून १६ वर्षं आणि त्यावरच्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती देण्याची पद्धत तिथे ठरवण्यात आली आहे.

दोन्ही देशांत सूत्र एकच. घंटी वाजवली म्हणून वाट मिळत नाही. समोरच्याने वाट दिली की ती मिळते.

मग डहाणूत आधी वाट कुणाची?

ब्रिटनची उतरंड इथे जशीच्या तशी बसणार नाही. कारण इथे सगळे पादचारी सारखे नाहीत आणि सगळे सायकलवालेही सारखे नाहीत.

डोक्यावर पाटी किंवा लाकडाची मोळी घेतलेल्या बाईला मान वळवून मागे पाहता येत नाही. घंटी ऐकून ती झटकन बाजूलाही होऊ शकत नाही, तोल जाईल. ती रस्त्यावर व्यायामाला आलेली नाही, तिचा दिवस त्या ओझ्यावर आहे. त्यामुळे पहिला मान तिचा. तिच्या मागून येणाऱ्याने वेग कमी करावा, मोकळी जागा दिसेपर्यंत मागेच राहावं आणि लांबून फेरा घेऊन पुढे जावं.

शाळेच्या मुलीची सायकल आणि हजारो रुपयांची गिअरची सायकल यांतही फरक आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत दिली जाते, कारण घर ते शाळा हे अंतर हेच शाळा सुटण्याचं एक कारण ठरतं. एखादी मुलगी कुत्रा मागे लागल्यामुळे किंवा सुसाट गटामुळे दोनदा पडली आणि घरच्यांनी 'नको ती सायकल' म्हटलं, तर नुकसान खरचटलेल्या गुडघ्यापुरतं राहत नाही.

म्हणून इथली उतरंड साधारण अशी मांडता येते: आधी ओझं घेऊन चालणारे, वृद्ध आणि लहान मुलं. मग इतर पायी चालणारे. मग शाळेला किंवा कामाला जाणारे सायकलवाले. त्यानंतर व्यायामाचे सायकलवाले आणि कुत्रा फिरवणारे. जो हौसेसाठी आला आहे, त्याने थांबायचं. कामाच्या माणसाला अर्धा मिनिट उशीर झाला तर त्याचा हिशेब कुणी तरी मागतं, सहलीला आलेल्याला तो कुणी मागत नाही.

कुणी काय पाळायचं?

सायकलवाल्यांनी:

• डावीकडूनच चालवा. चारचौघांचा गट असेल तर गावातून जाताना एकामागे एक.
• पुढे माणसं दिसली की वेग ताशी १० च्या आसपास आणा. गावात, शाळेजवळ आणि बाजाराच्या दिवशी तर नक्कीच.
• घंटी १५ ते २० मीटर आधी, एकदाच, हलकी. जवळ गेल्यावर "ताई, उजवीकडून जातो" एवढं पुरतं.
• पहाटे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. झगमगणारा दिवा समोरच्याच्या डोळ्यांवर येणार नाही असा खाली वळवा.
• पट्ट्याशिवाय कुत्रा दिसला तर वेगाने निसटायचा प्रयत्न करू नका.

पायी चालणाऱ्यांनी:

• पदपथ नसेल तर उजव्या कडेने चाला. चौघं हात धरून रस्ता व्यापू नका.
• दोन्ही कानांत इअरफोन घालून चालू नका. निदान एक कान मोकळा ठेवा.
• मागून घंटी आली तर आहात त्याच रेषेत चालत राहा. अचानक उडी मारून बाजू बदलू नका. सरळ चालणाऱ्याला ओलांडणं सोपं असतं.
• अंधारात गडद कपडे असतील तर हातात टॉर्च किंवा मोबाईलचा दिवा चालू ठेवा.

कुत्रा फिरवणाऱ्यांनी:

• दोरी दीड-दोन मीटर. कुत्रा रस्त्याच्या बाजूला नाही, कडेच्या बाजूला ठेवा. मध्ये तुम्ही.
• सायकल येताना दिसली की थांबा, दोरी आखूड करा, कुत्र्याला बसवा.
• "काही करत नाही हो तो" हे समोरच्याला सांगून उपयोग नाही. त्याला ते माहीत नसतं आणि लहानपणी कुत्रा चावलेल्या माणसाची भीती तुमच्या खात्रीने जात नाही.
• विष्ठा उचला. मासळी वाळत घातलेल्या जागेपासून कुत्रा लांब ठेवा, ते कुणाचं तरी अन्न आणि उत्पन्न आहे.
• किनाऱ्यावरही पट्टा सोडू नका. या किनाऱ्याला जखमी समुद्री कासवं लागतात आणि त्यांच्यावर उपचार करणारं केंद्र डहाणूतच आहे. कासव दिसलं तर कुत्रा दूर नेऊन वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मोकाट कुत्र्यांचं काय?

पाळीव कुत्र्याला मालक असतो, त्याला सांगता येतं. मोकाट कुत्र्याचं कुणाला सांगायचं?

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि देशभर वाद पेटला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असं त्यात होतं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतून कुत्री हटवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं. महामार्गांवरची मोकाट गुरं हटवण्याचा आदेशही त्याच दिवशीचा.

म्हणजे डहाणू रोड स्टेशनच्या आवारातली कुत्री आणि चिखलेच्या रस्त्यावरची कुत्री यांना वेगळे नियम लागू होतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी. शिष्टाचार इथेही आहेच: खाऊ घालायचं असेल तर शाळेच्या वाटेवर, वळणावर किंवा रस्त्याच्या कडेला नको. कुत्री जिथे खातात ती जागा राखतात आणि तिथून जाणाऱ्या सायकलवर धावून जातात.

कुत्रा सायकलमागे लागला तर? धावणाऱ्या गोष्टीचा पाठलाग करणं हा त्याचा स्वभाव. वेग वाढवला की पाठलागही वाढतो. वेग कमी करा, शक्य असेल तर उतरा आणि सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये ठेवून हळू चालत पुढे जा. दगड मारू नका, पळू नका.

आणि चावलाच तर जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे लशीचे डोस साधारणपणे पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. जखम खोल असेल तर त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की तो जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. त्यामुळे 'दोन डोस घेतले, आता बरं वाटतंय' म्हणून थांबू नका.

फक्त शिष्टाचाराने भागेल का?

नाही. आणि हे तलासरीकडे पाहिलं की लगेच कळतं.

किनाऱ्याच्या रस्त्यावर प्रश्न सायकल, दोरी आणि घंटीचा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर तो जिवाचा आहे. मुंबई-अहमदाबाद वाहतुकीचा हा रस्ता चारोटी आणि तलासरीतून जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर देशभर मागच्या सीटवरच्या बेल्टची चर्चा झाली आणि ती गरजेचीच होती. पण त्याच २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत गेलेल्या १ लाख ६८ हजार ४९१ जणांपैकी ३२ हजार ८२५ जण पायी चालणारे होते. साधारण पाचातला एक. त्यांच्यासाठी बेल्ट नसतो.

चारोटीजवळच महालक्ष्मीचं देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेपासून तिथे मोठी यात्रा भरते. या दिवसांत महामार्गाच्या कडेने पायी जाणाऱ्यांत भाविकांची भर पडते. त्यांना 'नीट चाला' एवढंच सांगणं म्हणजे जबाबदारी झटकणं. तिथे हवी ती चालण्याची सलग कड, सेवा रस्ता आणि सुरक्षित ओलांडण्याची जागा. कलम १३८ (१अ) मध्येच एक अट आहे: राष्ट्रीय महामार्गांबाबतचे नियम राज्याने महामार्ग प्राधिकरणाशी सल्लामसलत करून करायचे. म्हणजे 'हा आमचा विषय नाही' असं दोघांपैकी कुणालाच म्हणता येणार नाही.

किनाऱ्यावर मग एक छान सायकल ट्रॅकच बांधला तर? सोशल मीडियावर ही मागणी लगेच लाईक मिळवेल. पण डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला आहे आणि त्यावर देखरेखीसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणही नेमलं गेलं. मुंबईत पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढायला लावलं. सुरूच्या बनात काँक्रीट ओतण्याआधी हे आठवलेलं बरं.

त्यापेक्षा आहे त्या रस्त्यावर करता येण्यासारखं बरंच आहे. कडेची झुडपं छाटून चालायला दोन हात जागा मोकळी करणं. डांबर आणि माती यांतली खोल कड भरून घेणं, म्हणजे सायकल खाली उतरवता येते. शाळांजवळ गतिरोधक आणि दिवे. रिसॉर्ट आणि होमस्टेच्या दारात, पाहुण्यांच्या भाषेत, कुत्र्याच्या पट्ट्याचा आणि सायकलच्या वेगाचा साधा फलक. यातल्या बऱ्याच गोष्टी ग्रामसभेत मांडता येतात आणि त्यांना कोट्यवधींचा निधी लागत नाही.

राज्याचे नियम कागदावर येतील तेव्हा त्यात पदपथाची रुंदी असेल, सायकल पट्टीचा रंग असेल. पण ज्या रस्त्याला पदपथच नाही, तिथे पहाटे पाटी घेऊन निघालेल्या बाईला वाट कोण देणार, हेही त्यात असायला हवं. ते येईपर्यंत ब्रेक सायकलवाल्याच्या हातात आहे आणि दोरी कुत्र्याच्या मालकाच्या.